तिसरं शिफारसपत्र

माननीय निवड समिती,
पहिली दोन पत्रं प्राध्यापकांची असतील, नीट असतील.
मी अन्सेल्मो रुआर्ते, सर्वेक्षण तुकडीचा प्रमुख.
कोमोदोरोच्या पश्चिमेला सव्वीस वर्षं
जमिनीला हादरे देऊन विचारत आलो,
पोटात काय आहे तुझ्या?
पगार तेल कंपनीचा.

नेलिदा कुरापिल म्हणाली, तुम्हीच लिहा.
तिचे मार्गदर्शक वारले तीन वर्षांपूर्वी,
आणि गुणपत्रिका तेरा वर्षांची,
घडीवर फाटलेली.

तुमचा फॉर्म विचारतो:
उमेदवार पहिल्या पाच टक्क्यांत, की दहा?
शंभर माणसं मी एका जागी पाहिली नाहीत कधी.
आम्ही बावीस होतो, आणि वारा.
नऊ जण पहिल्याच हिवाळ्यात पळाले.
टक्केवारी तुम्हीच काढा.

मला जे माहीत आहे ते असं.
आमचे ट्रक पोलादी तळवा भुईवर टेकवतात
आणि बारा सेकंद थरथरतात.
खालून परत येतं ते कामाचं.
बाकी गोंगाट: वारा, केबल चावणाऱ्या मेंढ्या,
लांबच्या रस्त्यावरचा टँकर,
आणि या सगळ्याच्या तळाशी एक मंद घुमणं,
समुद्राचं,
सव्वाशे किलोमीटर चालत आलेलं.
गोंगाट मारायचा. आमच्यात शब्दच तो आहे.
रात्री कॅराव्हॅनमध्ये पडद्यावर एकेक रेष
मार, मार, ठेव, मार.

तीही मारायची.
पण मारण्याआधी वहीत टिपायची
तारीख, वेळ, वारा कुठून, घुमणं केवढं.
अकरा वह्या. शाळकरी, निळ्या,
पानापानावर येर्बाचे हिरवे डाग.

मी विचारलं, याचं लोणचं घालणार का?
म्हणाली, समुद्र रोज फुकट हादरे देतो,
आपण त्याच कामाला डिझेल जाळतो.
मी हसलो.
त्या रात्री झोप लागली नाही, तो वारा असेल.

एका कोरड्या तळ्याखालून
ते घुमणं जरा उशिरा पोचतं.
तिथे तेल नाही, म्हणून कंपनीला ते तळंही नाही.
काठावर ओर्तेन्सिया वेन्चुल राहतात, चाळीस मेंढ्या,
पाणी पंधरा दिवसांनी टँकरनं.
खाली पाणी असेल. नसेलही.
नेलिदा 'असेल' म्हणत नाही, 'ऐकून बघू' म्हणते.
नोंदी मागितल्या, तर वकिलांनी चार ओळींत नकार दिला.
तेव्हा येताना तिच्याकडे फक्त वह्या असतील.

हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नकोस,
हे मीच म्हणालो होतो.
पगार चौथा हिस्सा होईल, मुलगी नऊ वर्षांची आहे.
तिनं मान डोलावली आणि निबंधाचा सहावा खर्डा पुढे केला.
पिकअपमध्ये बसून वाचला, काचेवर वाळू आपटत होती.
सुरुवात होती: 'लहानपणापासून मला पृथ्वीचं कुतूहल…'
मी म्हटलं, हे मार.
एवढंच एक तिनं माझं मुकाट्यानं ऐकलं.

उणिवा लिहा म्हणता.
इंग्रजी बोलताना तिचा आवाज खाली जातो.
वरिष्ठांना मध्येच तोडते.
मला तीनदा तोडलं, दोनदा बरोबर होती.
तिसऱ्यांदाही माफी मागितली नाही.

ता. क.
सव्वीस वर्षांत मी किती रेषा मारल्या
ते मोजलं नाही कधी.
काल रात्री एक जुना जिओफोन अंगणात रोवला,
कशालाच जोडला नाही, नुसता रोवला.
बायको दारातून बघत होती, काही बोलली नाही.

फॉर्म सांगतो, जागा संपली.
तिच्या त्या तळ्याचं नाव
लिहायचं राहिलं.