परीटघडी

मुहर्रकच्या धावपट्टीपासून आमची लाँड्री
तशी लांब. मधे पूल, मधे समुद्राची एक अरुंद पट्टी.
तरी विमानं उठली की इस्त्रीच्या टेबलावरची
पाण्याची वाटी आधी थरथरायची,
आवाज मागाहून यायचा.

जानेवारी एक्क्याण्णव. हॉटेल भरलेलं.
चौथ्या मजल्यावर बॉम्बफेक्या विमानांची पोरं,
एका विमानात दोघं :
एक चालवणारा, एक वाट सांगणारा.
आम्हाला त्यांची नावं नव्हती, खोल्या होत्या.
चारशे अकराला स्टार्च चालत नाही, मानेवर पुरळ उठतं.
चारशे बारा खिसे कधी रिकामे करत नाही :
पेन्सिलीचा तुकडा, शंभर फिल्सचं नाणं,
एकदा घडी घातलेला कागद, त्यावर
अंडी, बल्ब, कुत्र्याचं औषध.
तो मी वाळवून परत पाठवला.

माझा बाप गुहागरला बिब्ब्यानं खूण करायचा
कपड्याच्या कोपऱ्यात. दोन ठिपके, एक फुली.
कुणाचं काय, सगळा गाव त्याला पाठ.
माणूस जायचा, धोतर विरायचं,
खूण तशीच.
इथं कागदी टॅग. स्टेपलरनं टोचायचा
आणि पोचवताना उपटून टाकायचा.

एक ड्रायर बिघडलेला, म्हणून चादरी गच्चीवर.
त्या रात्री आठ गेली.
मी मोजली. कुन्हुमोननंही मोजली, मल्याळममध्ये,
ओठ हलवत.
पहाटे सात आली.
आम्ही एकमेकांचा हिशेब ताडून पाहिला,
मोज्यांचा पाहतो तसा.
मग वाऱ्यानं चादरी अंगावर आल्या
आणि त्या धरण्यात थोडा वेळ बरा गेला.

शिवणकामाला अबू नादिर होता, मूळचा बसऱ्याचा.
त्याची बहीण तिथं पुलापलीकडे राहायची.
फोन दहा दिवस मुका.
त्या सकाळी त्याच्या टेबलावर चारशे बाराचा
उडायचा पोशाख, गुडघ्याचा खिसा उसवलेला.
बातमी त्याच्याआधी खाली पोचली होती.
मला वाटलं, सुई ठेवून देईल.
खरं सांगायचं तर मला तसंच हवं होतं,
म्हणजे मला काहीतरी ठरवता आलं असतं.
त्यानं खिसा दुहेरी टाक्यानं शिवला.
दोरा दातानं तोडला
आणि नको इतका वेळ दातांतच धरून बसला.

मी दोन्ही खोल्यांचे गठ्ठे वर नेले.
दाराबाहेर खुर्ची, खुर्चीवर त्यांचाच एक शिपाई.
त्यानं मान हलवली.
मी खाली आणले.
चोवीस तासांत कपडे परत, असा आमचा नियम,
भिंतीवर तीन भाषांत.
रोज संध्याकाळी त्या गठ्ठ्यांवर बारीक वाळू बसे,
रोज मी पुन्हा इस्त्री फिरवी.
अशी परीटघडी मी मालकाच्या लग्नातही केली नव्हती.
घडी कुणीतरी मोडायची म्हणूनच घालतात.

नवव्या दिवशी दोघं यादी घेऊन आले.
पोशाख चार. बनियन आठ.
चारशे बाराचे मोजे... सात?
सात, मी म्हणालो. आठवा सापडला नाही, साहेब.
त्यांनी तसं लिहून घेतलं, मी खाली सही केली.
माझी सही कधी इतकी जपून आली नव्हती.

मार्चमध्ये सगळं थांबलं.
उत्तरेला कुवेतचं तेल जळत होतं,
पांढऱ्या चादरी वाळेपर्यंत राखाडी होत.
पुन्हा धुवायला काढलेल्या एका चादरीच्या कोपऱ्यात
आठवा निघाला.
हिरवट, टाचेशी झिजलेला.
धुतला. मोज्याला परीटघडी बसत नाही,
तरी दाबून घातली.

पुढच्या वर्षी सुट्टीवर गेलो, तर तो बॅगेत होता.
बाप आता भट्टी लावत नव्हता, डोळे अधू झालेले.
त्यानं मोजा उलटा केला, बोटानं कडा चाचपली,
ठिपके शोधत.
“कुणाचा रे हा?”

“चारशे बारा,” मी म्हणालो.

तो अजून चाचपत होता.