मंगळवारी, पावणेअकरा

पाळणाघरात एक नियम आहे, कुठे लिहिलेला नाही.
बाळाचं पहिलं पाऊल आपल्यासमोर पडलं
तर आईबापांना सांगायचं नाही.
घरी पडेल तेच पहिलं.
हे मला जॅनिसनं शिकवलं, पहिल्याच आठवड्यात,
एका हातानं लंगोट बदलत.

हडर्सफील्डच्या चढावर आमची इमारत,
पूर्वी लोकरीचं गोदाम होतं म्हणे.
खिडकीतून दगडी बांध दिसतात, ओल्या मेंढ्या,
आणि लांब कुठेतरी गाई.
रोरी जेवेना, म्हणून एकदा म्हटलं
हा घास चिऊचा, हा घास काऊचा,
तर इंग्रजी कानाचं पोर ते,
घास गालात तसाच धरून
खिडकीशी गाय शोधायला लागलं.
तेव्हापासून आमच्याकडे रोज एक घास गाईचा.
तक्त्यात मी एवढंच लिहिते:
रोरी, गाजर-बटाटा, सगळं संपवलं.

दोन वर्षांखालची बाळं तीन, बाई एक.
हे मात्र लिहिलेलं आहे.
कायद्यानं बाळं मोजली, बाया मोजल्या,
कंबर मोजायची राहिली.

जॅनिस फेब्रुवारीत गेली. बावीस वर्षांनंतर.
सुपरमार्केटात तासाला साठ पेनी जास्त,
आजारी पडलं तरी पगार, सामानावर सूट.
वाटाण्याचे डबे रडत नाहीत गं, म्हणाली,
आणि कोटाची बटणं लावता लावता
स्वतःच रडली.
तिची खुंटी अजून रिकामी आहे.
खाली कागद चिकटवलाय: जागा भरणे आहे.
त्याचेही कोपरे आता वळलेत.

मालकीण वाईट नाही. बेव्हर्लीनं वही उघडून दाखवली.
सरकार आईबापांना म्हणतं, एवढे तास फुकट.
त्या तासांचे म्हणून जे इकडे पाठवतं
ते भाडं, वीज, दूध यांतच आटतं.
फुकटचा तास कुणीतरी पदरचा घालत असतं.
शिंक पोराची, ताप माझा,
पहिले तीन दिवस बिनपगारी.

बुधवारी संध्याकाळी टाऊन हॉलमध्ये सभा.
आम्ही अकराजणी, गुडघ्यांवर वाळलेला रंग,
एकीच्या केसांत अजून लापशी.
कौन्सिलतर्फे मिस्टर हॅलिवेल उभे राहिले.
तुमच्या पगारात भर घालायचा विचार आहे, म्हणाले,
पेन्शनचंही बघतो आहोत,
पण लंडनहून पैसा सुटेपर्यंत, तुम्ही समजून घ्याल,
हे फक्त पहिलं पाऊल.

कुणाचं? फरझाना माझ्या कानात पुटपुटली.

मला हसू आवरेना, आणि कारण वेगळंच होतं.
हॅलिवेलांची आयडा माझ्याच खोलीत असते.
आदल्याच दिवशी, मंगळवारी, पावणेअकराला
तिनं खुर्चीचा पाय सोडला,
जरा वेळ नुसती हवा धरून उभी राहिली,
दीड पाऊल टाकलं
आणि माझ्या नडगीवर येऊन आदळली.

पहिल्या पावलाबद्दल मला थोडंफार कळतं.
त्याच्या आधी महिनाभर आपटणं असतं.
समोर कुणीतरी गुडघे टेकून बसलेलं लागतं,
हात पसरून, चहा गार होऊ देत.
आणि एक पाऊल टाकून
कुठलंही बाळ सभा संपवत नाही.
हे सगळं उठून सांगणार होते. पण नियम.
मी एवढंच विचारलं: कधीपासून?
त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

शुक्रवारी सकाळी, सात बावन्न.
दारात हॅलिवेल, टाय खांद्यावर उलटा पडलेला,
आयडा काखेत, एक मोजा गायब.
चालली! काल रात्री! पहिल्यांदा!
डोळे भरून आलेले त्या माणसाचे.

खरंच? मी म्हटलं,
आणि दोन्ही हात गालांवर नेले,
जॅनिसनं शिकवले होते तसे.