पायरी

सकाळचं पहिलं पाऊल सगळ्यात वाईट.
डावी टाच फरशीला टेकते
आणि तिच्या मागची कंडरा
रात्रभर वाळत घातलेल्या चामड्यासारखी कुरकुरते.
न्हाणीघरापर्यंत नऊ पावलं.
सातव्याला ती जरा ऐकते.

वालपाराइसोच्या या टेकडीवर
सपाट असं काही नाही.
घर चढावर, पाववाला उतारावर,
पुरलेली माणसंसुद्धा वरच्या अंगाला.
एदुविहिस ओयार्सून, वय एकसष्ट,
सव्वीस वर्षं ट्रॉलीबस चालवली,
आणि निवृत्त झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी
पळायला लागली,
सीटचा पट्टा कुणीतरी एकदाचा सोडावा तशी.
आधी कोपऱ्यापर्यंत. मग धक्क्यापर्यंत.
मग एका हिवाळ्यात, कुणी सांगितलं नसताना,
रोज चौदा किलोमीटर.
टाचेनं दोनदा निरोप पाठवला.
तिसऱ्यांदा निरोप नाही,
स्वतःच आली.

फिजिओ यानिरा, नातीच्या वयाची.
अंगठा आणि तर्जनीत कंडरा धरून
कैरी पारखावी तशी दाबली.
"दुखणं दहापैकी किती?"
"तीन."
होतं सहा.
तीनपर्यंत पळायला परवानगी मिळते
हे बाहेरच्या बाकावरच कानावर आलं होतं.

व्यायाम एवढाच:
पायरीच्या कडेवर चवडे, टाचा अधांतरी.
दोन्ही पायांनी वर.
उजवा उचलायचा.
डाव्यानं एकट्यानं खाली यायचं,
इतकं सावकाश, की मधे एखादी आठवण बसेल.
पंधरा वेळा, तीनदा,
सकाळी आणि दिवे लागल्यावर.

तिसऱ्या आठवड्यात रात्री ती गुपचूप पळाली.
कुणी पाहिलं नाही.
कंडरेनं पाहिलं.
सकाळी तिथं सुपारीएवढी गाठ,
आणि न्हाणीघर नऊ पावलांवर नाही, परगावी.

"सहा होतं," ती यानिराला म्हणाली. "तेव्हाही."
यानिरानं वहीचं पान उलटलं,
नव्या पानावर लिहिलं: आठवडा पहिला.
ओरडली असती तर बरं झालं असतं.

दारापासून रस्त्यापर्यंत एकशे बारा पायऱ्या.
एदुविहिस चौथीवर उभी राहिली, अख्खा उन्हाळा.
पाठीवर पिशवी, पिशवीत बटाटे:
आधी दोन किलो, मग पाच,
मग शेजारचा नेमेसियो म्हणाला, "कलिंगड घे ना एखादं."
तो वरच्या पायरीवर बसून मासे साफ करायचा.
"कुठे निघालीस?"
"खाली."
"मग जा की."
"हेच तर चाललंय."

आपली पायरी ओळखून राहावं, सासू म्हणायची.
डेपोतला साहेबही म्हणायचा,
बायकांनी ट्रॉली मागितली त्या वर्षी.
आता ओळखते ती, चांगलीच.
डाव्या कोपऱ्याचा टवका उडालाय,
सिमेंटमधे कुठल्याशा मांजराचं पाऊल उमटलंय,
आणि दुपारी चारनंतर तिच्यावर सावली येते,
बरोबर पिंढरीएवढी.

तेराव्या आठवड्यात यानिरा म्हणाली,
एक मिनिट पळा, चार मिनिटं चाला. सहा वेळा.
सहा मिनिटं!
चौदा किलोमीटरवाल्या बाईला
कुणी चमच्यानं पाणी पाजावं तसं.
धक्क्याच्या वाटेवर एक लंगडं कुत्रं
तिला मागे टाकून गेलं, वळूनही न बघता.
खडकांवर समुद्रसिंह आडवे पडलेले,
कसलाही व्यायाम न करता तृप्त.
चौथ्या मिनिटाला मन म्हणालं, अजून थोडं.
घड्याळ वाजलं.
ती चालायला लागली.
हे तिला पळण्यापेक्षा जड गेलं.

दुसऱ्या दिवशी जाग आली तरी
ती पाय खाली सोडेना.
निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी
पोरं घुटमळतात, तशी पलंगावरच.
मग डावी टाच फरशीवर.
दुसऱ्या पावलाला कंडरा ऐकते.
"दोन," ती मोठ्यानं म्हणते,
खोलीत कुणी नसताना.
न्हाणीघराच्या दाराशी थांबते,
पुन्हा एकदा वजन टाकून बघते.

"अडीच."