बिनगाठीचं

पहाटे चारला फोन. मोंतेविदेओत जुलै,
दक्षिणेचा वारा दाराच्या फटीत शिट्टी घालत होता.
'ब्रायना, आज तिघीच आहोत. येशील?'
नाव विचारायच्या आधीच मी हो म्हणून बसले.
नाव मग कळलं.

झीसल,
समोरासमोर दुकानं आपली, रेऊसच्या गल्लीत,
तुझं बटणांचं, माझं अस्तराच्या कापडाचं.
अकरा वर्षं गाठ नाही.
म्हणजे रोज दिसायचीस, शटर वर ढकलताना,
पण गाठ नाही.
चौदा मीटर लोकरी कापड. कुणी कुणाचं बुडवलं
ते आता मला एकटीलाच आठवतं,
आणि एकटीलाच आठवणाऱ्या गोष्टीचा
हिशेब कुणापुढे मांडायचा?

खोली थंडच ठेवतात.
जेवढं धुवायचं तेवढंच उघडायचं,
बाकीची तू चादरीखाली, अब्रूनं.
तुला पालथं करायचं नाही.
तुझ्यावरून हात लांबवून
एकमेकींना काही द्यायचं नाही;
कापूस हवा तर वळसा घालून जायचं.
तुला वळसा घालायची सवय
मला होतीच.

उजव्या तर्जनीच्या नखात निळा खडू.
परवापर्यंत कुणाच्या तरी बाहीवर खूण करत होतीस.
लाकडी काडीनं काढला. काढावाच लागतो,
पाणी आणि कातडी यांच्यामध्ये
कणभरही काही राहता कामा नये.
मालका म्हणाली, 'निघाला ना गं?'
निघाला होता केव्हाच.
बोट मात्र मी धरूनच होते.

मग तीन बादल्या, डोक्यापासून पायापर्यंत.
धार तुटू द्यायची नाही,
एकीची संपत आली की दुसरीनं सुरू करायची.
शुद्ध आहे, शुद्ध आहे, शुद्ध आहे ती.
तिसरी बादली माझी होती.

कपडे मीच शिवलेले, गेल्या वसंतात,
कुणाच्या मापाचे ते न ठरवता.
पांढरं ताग्याचं कापड, लांब लांब टाके, खिसा नाही,
दोऱ्याच्या टोकाला गाठ नाही.
कमरेच्या पट्टीलाही फक्त पीळ,
वर तीन पाकळ्या, शीन अक्षरासारख्या,
ओढल्या की सुटाव्यात अशा.
आणि तू!
दोरा दातानं तोडून दुहेरी निरगाठ मारणारी,
'माझं बटण माणसाआधी तुटत नाही'
असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगणारी.
तुला बिनगाठीचं नेसवताना
मला भीती वाटली, उठून बसशील
आणि म्हणशील, हे कसलं शिवण?

शेवटी तिघींनी मिळून म्हटलं:
मोर्देखायची लेक झीसल,
आमच्या हातून काही उणं पडलं असेल तर क्षमा कर.
हे सगळ्यांनाच म्हणतात. पुस्तकात छापलेलं आहे.
मी ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हटलं,
चौदा मीटर त्यात घालून.

मेलेल्याची सेवा, ती खरी सेवा, म्हणतात,
तो परतफेड करू शकत नाही म्हणून.
आपल्या दोघींत
परतफेडीचा विषय न काढलेला बरा.

तिसऱ्या दिवशी तुझ्या घरी गेले.
आरशावर टेबलक्लॉथ, त्यावर जुना वाइनचा डाग.
तुझा साउल बुटक्या स्टुलावर,
शर्टाची डावी बाजू काळजावर फाडलेली.
आई, बाप, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, जोडीदार,
फाडायचा हक्क एवढ्यांनाच.
वैरिणीला त्या यादीत जागा नाही.
कुणी अंडी आणली होती, कुणी मसूर.
मसुराला तोंड नसतं, शोकालाही.
तो बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही,
आणि कुणी धुतलं ते तर कधीच सांगायचं नाही.

बऱ्याच वेळानं त्यानं वर पाहिलं.
'तुम्ही समोरच्या ना? आई तुमच्याविषयी—'
तेवढ्यात दारातून खुर्च्या आल्या,
प्रार्थनेला दहा माणसं जमायला लागली,
आणि तो उठला.

निरोप घेत नाहीत अशा घरातून. नाही घेतला.
घरी येऊन कोट काढताना
दुसरं बटण बोटाला लागलं,
तू लावलेलं, बारा हिवाळ्यांपूर्वी.
ओढून पाहिलं.
आणखी जोरानं ओढून पाहिलं.