रात्री दोन ते चार

आईचा फ्रिज मध्यरात्री अंग झटकून जागा होतो,
म्हाताऱ्या कुत्र्यासारखा,
आणि त्याच्या पाठोपाठ आई.

पाय आधी उठतात. डोळे मागून.
डोळे उघडेस्तोवर हातात इस्त्री असते,
नाहीतर बादली,
नाहीतर पिठाचं भांडं.

त्बिलिसी. ग्लदानीतली नऊमजली इमारत, सातवा मजला.
त्या सालांत वीज यायची रात्री दोन ते चार,
तीही तिच्या मर्जीनं.
आधी फ्रिज थरथरायचा,
मग जिन्यातून आरोळी वर चढायची: लाईट आली!
अंगावरच्या कोटासकट झोपलेली अख्खी इमारत
उठून कामाला लागायची.
गुरामकाका दाढी करायचे, सव्वादोनला.
लामारा पाव भाजायची.
लिफ्टमध्ये संध्याकाळपासून अडकलेलं कुणीतरी
शिव्या देत बाहेर पडायचं.
आम्ही पोरं टाळ्या वाजवायचो.
का, ते कुणी विचारलं नाही.

आता वीज जात नाही.
गुरामकाका गेले, शेवटपर्यंत गुळगुळीत गालांचे.
लिफ्टला नाणं टाकावं लागतं, पण ती पोचवते.
आई मात्र टब भरून ठेवते रोज,
मेणबत्त्या खणाच्या डाव्या कोपऱ्यात,
काडेपेटी उजव्या.
"चाचपडून सापडली पाहिजे," म्हणते,
भर दुपारी, उन्हात बसून.

डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली.
गोळी घेऊन ती झोपेतच उठली
आणि बाबांचा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर टाकला.
बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली.
कॉलरची घडी अजून मोडलेली नाही, मीच मोडली नाही.

मग मी नवा फ्रिज आणला. मुका.
दुकानदार म्हणाला, कान लावलात तरी कळणार नाही.
पहिल्या रात्री आई उठली नाही.
दुसऱ्याही.
तिसऱ्या रात्री पाणी प्यायला गेले,
तर अंधारात स्टुलावर ती,
फ्रिजला कान लावून.
"आज येत नाही वाटतं," म्हणाली.
मी बटण दाबलं.
तिनं दिव्याकडे पाहिलंच नाही.
माझ्याकडे पाहत राहिली,
रांग मोडून पुढे घुसलेल्या बाईकडे पाहावं तसं.

मला हसू आलं. शहाणी ना मी,
जिचा फोन ऐंशीच्या खाली उतरला
की तळहाताला घाम फुटतो,
जी हॉटेलात शिरल्या शिरल्या
खिडकी नाही, प्लग शोधते.

परवा ओव्हन आणि इस्त्री एकदम लावली, फ्यूज उडाला.
मी खटका वर केला.
आतल्या खोलीत टाळ्या वाजल्या.
मला वाटलं, आई.
पण आई माझ्या शेजारीच उभी होती,
कोपरापर्यंत पिठात.
टाळ्या ओतारच्या होत्या. सहा वर्षांचा माझा मुलगा,
ज्यानं अंधार फक्त पांघरुणाखाली पाहिलाय.

मी बादली कधी उचलली, ठाऊक नाही.
नळ सोडला होता.

"किती वाजले?" आईनं विचारलं.
सकाळचे अकरा.
"मग ही आपली नव्हे," ती म्हणाली,
"दुसऱ्या कुणाच्या वाट्याची दिसते.
आटपा लवकर."