डाव्या बाजूची खुर्ची

डुलूथच्या चढावरची शाळा, तिसरा मजला.
माझ्या खोलीत पूर्वी नकाशे आणि झाडू ठेवायचे.
टेबल भिंतीला चिकटलेलं. मी डावखुरी,
म्हणून माझी खुर्ची मुलांच्या डाव्या हाताला,
म्हणजे लिहिताना कोपराला कोपर लागत नाही.
माझ्या पाठीशी खिडकी, खिडकीत सरोवर,
पलीकडे फायलींचं कपाट.

मार्नी कोइविस्तो, सात वर्षं चार महिने.
पुढचे दोन दात नाहीत,
बुटांवर बापाच्या गाडीतली तांबडी धूळ,
तो लोखंडाच्या धक्क्यावर कामाला.

मी वाचते, पुस्तिकेत आहे तसं,
शब्द इकडचा तिकडे न करता.
आवाज चढवायचा नाही.
बरोबर आलं तरी हसायचं नाही.
सात, दोन, नऊ. आता उलटे म्हण.
मार्नी माझ्या तोंडाकडे बघत राहते.
तोंडाकडे बघण्याला गुण नाहीत.

ठोकळे मात्र ती अशी जुळवते
जसा अंधारात आपल्याच घरातल्या दिव्याच्या बटणावर
हात जावा.
मी घड्याळ दाबेपर्यंत झालेलं असतं.

खाली पुलापाशी बोट भोंगा देते,
एक लांब, दोन आखूड.
मार्नी वळते, कपाटाकडे.
मी समासात लिहिते: लक्ष विचलित होते.

एक्क्याऐंशी.
सहा आठवड्यांनी, नमुना ब, नवे प्रश्न,
तीच खोली, तीच वेळ, तोच माझा स्वेटर:
ब्याऐंशी.
केवढं बरं वाटलं मला.
आकडा जागचा हलला नाही की आमच्या धंद्यात
माणूस रात्री झोपतो.

(तासगावच्या बाजारात एका बाईचं मापटं होतं,
बूड आत चेपलेलं.
दर सोमवारी ज्वारी तेवढीच कमी.
आई म्हणायची, बाई इमानी हो,
कधी जास्त मारत नाही.)

मार्नीची आई आली, कोट न काढता बसली.
म्हणाली, जेवताना ऐकते सगळं.
गाडीत नाही ऐकत. बाप बोलत राहतो, ही गप्प.
मी लिहून घेतलं: परिस्थितीनुसार प्रतिसाद बदलतो.
कानांचा कागद फाइलमध्येच होता,
सप्टेंबरचा, नर्सच्या सहीचा, दोन्हींपुढे बरोबरची खूण.
त्यानंतर नाताळात तिला गालगुंड झालेले,
ते कुठल्याच रकान्यात बसत नव्हते.

फेब्रुवारीत माझ्या खोलीतला हीटर फुटला.
राहिलेला एक भाग घ्यायला आम्ही ग्रंथालयात गेलो.
तिथे डावीकडे पुस्तकांची मांडणी, जागाच नाही,
बसले उजवीकडे, कोपर सांभाळत.
चार, आठ, एक, सहा.
सहा, एक, आठ, चार, मार्नी म्हणाली,
माझ्याकडे न बघता, पेन्सिलीचं रबर कुरतडत.
पाच आकडे. मग सहा.
मी घड्याळ पाहिलं, जणू चूक त्याची.

मग उठले. मांडणीला पाठ घासत
तिच्या डाव्या बाजूला गेले,
त्याच आवाजात, पुस्तिकेतल्या आवाजात विचारलं,
मार्नी, तुझ्या बुटांचा रंग कोणता?
ती रबर कुरतडत राहिली.

दोनदा मोजलं होतं मी, चोख,
एक पोर आणि एक खुर्ची
यांच्यामधलं अंतर.
अहवालात त्याला बुद्धी म्हटलं होतं.

अहवाल बदलला. डुलूथच्या मोठ्या दवाखान्यात
तिला निळं यंत्र मिळालं, तिनेच रंग निवडला.
बाप आता गाडीत गातो म्हणे, वाईट गातो.
माझ्या खुर्चीला मी चाकं लावून घेतली.

एप्रिलमध्ये बर्फ फुटलं, पहिली बोट आली.
खोलीत मी एकटीच होते.
एक लांब, दोन आखूड.
मला ठाऊक आहे सरोवर कुठे आहे,
तरी मान कपाटाकडेच गेली,
अकरा वर्षांच्या फायली, कुलूप लावलेल्या,
प्रत्येक पोर माझ्या उजव्या हाताला बसलेलं.
भोंगा तिथूनच येत होता.