जंतरपट्टी

हुपरीची एसटी मुडशिंगीला निम्मी रिकामी झाली
तेव्हा मांडीवर वही उघडून
मी पुन्हा एकदा तेच गणित तपासलं.
तारा सगळीकडं सारख्या जाडीच्या घेतल्या
की त्यांच्या रानात विजेचं क्षेत्र कमानीसारखं उभं राहतं:
टोकांना शून्य, मधे उंच.
मला कमान नको होती.
मसाईच्या पठारासारखा माथा हवा होता,
चढ संपला की नुसतं चालत राहावं असा.

पारिसा गाट पैंजणाच्या कड्या मोजत होते.
मी कागद पुढं केला. मधे जाड, टोकांकडं बारीक,
वीतभर लांब, तांब्याच्या, एकशे चव्वेचाळीस.
"तांबं?" चष्मा कपाळावर गेला. "आणि घालणार कोण?"
कुणी नाही, म्हटलं. त्यांच्यातनं लाट जाणार.
"दिसती?"
नाही.
"मग बरं हाय. न दिसणारं गिऱ्हाईक तक्रार करत न्हाई."

पोलादी पट्टी, भोकांची उतरती ओळ.
तेलाचं बोट फिरवून त्यांनी टोक आत घातलं,
सांडशीनं थोडं ओढलं
आणि थांबले.
इतकं नेमकं थांबताना मी कुणाला पाहिलं नव्हतं.
तार मागं घेतली, उलटी केली, आता दुसरं टोक.
पुढचं भोक त्याहून लहान, ओढ त्याहून कमी.
माझ्या वहीत ज्याला दीड पान लागलं
ते त्यांच्या मनगटाला चार भोकांत पाठ झालं.

निघताना एक मणी दिला, चांदीचा, ज्वारीएवढा.
"पैशे नकोत. भोक वाकडं पडलंय."

विद्यापीठात, रात्री साडेदहाला,
थरथर नको म्हणून पंखासुद्धा बंद करून
तो वाकडा मणी नायलॉनच्या दोऱ्यात ओवला
आणि तारांच्या मधून मिलिमीटर मिलिमीटर ओढत नेला.
जिथं क्षेत्र आहे तिथं मण्यानं सूर जरासा उतरतो,
नाही तिथं उतरत नाही.
मोजायची रीत एवढीच.

चढ आला. मग माथा.
नऊ सेंटिमीटर, सपाट.
बाहेर एक मोर अवेळी ओरडला,
मी खिडकीपर्यंत जाऊन परत आले
तरी सपाटच होता,
फक्त डावीकडं एक खळगा, चालताना चप्पल अडखळावी एवढा.

रविवारी छापलेला आलेख घेऊन हुपरीला गेले.
पारिसांनी तो आधी उलटा धरला, मग सुलटा,
आणि अंगठ्याचं नख रेषेवरून हळू ओढत नेलं.
खळग्यापाशी नख थांबलं.
कागद तर गुळगुळीत.

"तिसरी रांग असंल," ते म्हणाले.
"त्या दिवशी पोरगं ओढत हुतं.
मी च्या प्यायला गेलतो."